फौजदार सोडून

मावसभाऊ आंघोळीला गेला होता. ओट्यावर पडलेला त्याचा फोन तिने पाण्यापासून दूर सरकवला, तेवढ्यात तो थरथरला. पडद्यावर ग्रुपचं नाव आलं: 'फौजदार सोडून'.

फौजदार म्हणजे तीच.

साथ सुरू झाली तेव्हा मामाने हे नाव ठेवलं होतं. नाकात लिंबू पिळा, उशाशी कांदा ठेवा, असं जे काही घरच्या ग्रुपवर येई त्याची ही हजेरी घेई. छापखान्यात पानं लावायचं काम करायची, हात बसलेला. 'खोटं' असा झकास लाल शिक्काच तिने बनवला होता. मेसेज लांबलचक दिसला, पहिली ओळ वाचली, की मारलाच शिक्का. अलीकडे ग्रुपवर नुसती फुलं आणि शुभ सकाळ येत होती. तिला वाटलं, चला, पालथ्या घड्यावर थोडं तरी पाणी थांबलं.

मंडळी इथे जमत होती तर. तिला हसू आलं, जरा वाईटही वाटलं. मग तिने नावाखालचा मेसेज वाचला. तो मावशीचा होता. मावशी तर पलीकडच्या खोलीत दार लोटून पडली होती. थकलीये, झोपू दे, असं भाऊ म्हणाला होता.

'आज बाथरूमपर्यंत जाताना दम लागला. वाफ घेतेय. पोरीला सांगू नका, हसेल.'

माय मरो, मावशी जगो म्हणतात. हिच्या बाबतीत ते अक्षरशः झालं होतं. शाळेत जाताना हिच्या वेण्या मावशीनेच घातल्या होत्या, त्याही डोळे ताणले जातील इतक्या घट्ट. ती स्टुलावर बसली.

भाऊ डोकं पुसत आला आणि तिच्या हातातला फोन बघून थबकला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले चार-पाच दिवस. मामा म्हणतो, दवाखान्यात नेलं की तिथेच लागण होते. शेजारचे म्हणतात, घरीच बरं होतं. मी रोज वाचत बसतो. जितकं वाचतो तितकं कमी कळतं."

"मला विचारायचं ना."

"तिने विचारलं होतं."

"कधी?"

"वाफेच्या मेसेजखाली. तू शिक्का मारलास."

तिने स्वतःचा फोन काढला आणि मागे मागे जात राहिली. सापडला. वाफेचे फायदे, वाफेचे आणखी फायदे, आणि पार तळाशी मावशीच्या स्वतःच्या दोन ओळी: 'छाती जड वाटते गं. काय करू?'

त्याखाली शिक्का होता. त्याखाली मामाने हसरा चेहरा टाकला होता.

तिने मास्क नाकावर ओढला आणि दार ढकललं.

"मावशी, ऊठ. दवाखान्यात जायचंय."

मावशीने आधी लेकाकडे पाहिलं. "सांगितलंस ना हिला?" मग तिच्याकडे वळून म्हणाली, "वाफेचं खोटं असतं ना गं?"

"ते नंतर बघू. चपला कुठेत तुझ्या?"

दवाखान्यात छातीचा फोटो काढून झाला. डॉक्टर बोलावतील तेव्हा आत जायचं होतं. भाऊ औषधांच्या रांगेत उभा राहिला. या दोघी बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीकडे बघत मावशी म्हणाली,

"बरी होईन ना मी?"

तिच्या हातात फोन होता. अशा वयाच्या माणसांचं काय होतं, किती बरे होतात, सगळं तिने वाचलेलं होतं. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"माहीत नाही, मावशी."

मावशीने हिची विसकटलेली वेणी पुढे ओढून घेतली, सोडली, आणि मध्ये मध्ये दम खात पुन्हा घालायला लागली.

"तिकडे तोंड कर," ती म्हणाली. "आणि मान सरळ ठेव."