एकाच पातेल्यातला चहा

गल्लीत अभ्यासवाले यायला लागून इतकी वर्षं झाली होती, की कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकायचं सोडून शेपटी हलवत पुढे यायची. कारण साधं होतं. समाजाचा अभ्यास करणारी ती मोठी संस्था गल्लीच्या तोंडाशीच होती. माणसांचाच अभ्यास करायचा, तर लांब कशाला जा, असा विचार तिथे रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या पिढीने केला. परिणामी गल्लीला विचारायचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. म्हाताऱ्यांचं कोण बघतं, सुनेला कोण बोलतं, शेजाऱ्याकडून काय मागून आणता आणि परत करता का, सगळं विचारून झालं होतं. कोपऱ्यावरचा न्हावी तर मानेला वस्तरा लावून गिऱ्हाइकाला विचारायचा, "कल्ले ठेवायचे? पूर्णपणे सहमत, काहीसे सहमत, की सांगता येत नाही?"

या व्यवहारात गल्लीची पत राखून होती ती फ्रेमवाल्यांकडची थोरली. फ्रेमवाले म्हणजे दोघे भाऊ. खाली फोटोंना चौकटी घालायचं दुकान, वर राहती जागा. दोघे भाऊ दिवसभर शेजारी बसून काच कापत आणि संध्याकाळपर्यंत मिळून चार वाक्यं बोलत. बोलण्याचं खातं थोरल्याच्या बायकोकडे होतं आणि तिने ते कधी रिकामं पडू दिलं नाही. अभ्यासवाला दारात दिसला की ती पदर सारखा करून विचारायची, "एकटीची मुलाखत, की चारचौघांत बसून चर्चा?" समोरचं पोर नवखं असलं तर त्याचे प्रश्नसुद्धा सुधारून द्यायची. "असं नको विचारूस रे. असं विचारलंस तर सगळे 'हो'च म्हणतील."

तिची सगळ्यात गाजलेली मुलाखत दुकानातच टांगलेली होती. संस्थेने एकत्र कुटुंबांवर काढलेल्या जाडजूड अहवालातलं ते एक पान, सोनेरी चौकटीत, काचेमागे. 'आमच्याकडे दोघी जावांचा चहा एकाच पातेल्यात उकळतो', असं त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि खाली 'एक ज्येष्ठ गृहिणी'. नाव गुप्त ठेवण्याचा संस्थेचा नियम होता. थोरलीला तो नियम अजिबात पटला नव्हता, म्हणून तिने स्वतः घरोघर जाऊन ती गृहिणी कोण ते सांगितलं होतं.

आता यातली खरी गोष्ट अशी, की फ्रेमवाल्यांकडे पातेली दोन होती. थोरलीचं आणि धाकटीचं चहा किती उकळायचा यावरून वाजलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली. थोरलीच्या मते चहाला एक उकळी आली की बंद. धाकटीच्या मते तो रंगाला येईस्तोवर सोडायचाच नाही. "हा काय काढा आहे?" असं एक म्हणाली, "ते काय धुवण आहे?" असं दुसरी म्हणाली, आणि मग चहाचं गाळणं कोणाच्या माहेरचं हा विषय निघाला. त्या दुपारी थोरला भाऊ दुकानातून फ्रेमांच्या मागे लावायची प्लायची पानं घेऊन वर आला आणि एक अक्षर न बोलता स्वयंपाकघराच्या मधोमध ठोकून खाली गेला. तेव्हापासून दोन शेगड्या, दोन मोऱ्या आणि मधे प्लायचा पडदा. जाणं-येणं बंद. बोलणं चालू होतं, पण गॅलरीतून.

फक्त अभ्यासवाले आले की गोष्ट वेगळी. घरची शोभा बाहेर कशाला, यावर दोघींचं न बोलता एकमत होतं. थोरली पाहुण्याला पुढच्या खोलीत बसवायची, मधल्या दाराचा पडदा ओढायची आणि आवाज चढवून म्हणायची, "धाकटे, चहा टाक गं सगळ्यांना!" की धाकटी मागच्या गॅलरीतून वळसा घालून, पदराने कपाळ टिपत, जणू एकाच स्वयंपाकघरातून आल्यासारखी ट्रे घेऊन हजर. चहा मात्र ती तिच्या पद्धतीने उकळून आणायची आणि थोरलीला तो पाहुण्यांसमोर हसत प्यावा लागायचा. जमाखर्च तिथे मिटायचा.

तर अशा या सुरळीत कारभारात नगरपालिकेची नोटीस आली. गल्लीतली जुनी घरं पाडून नवी इमारत होणार. एका कुटुंबाला एक घर. कुटुंब म्हणजे काय, हे ठरवायचं काम अर्थातच संस्थेकडे आलं, आणि संस्थेने तिची जुनी व्याख्या काढली : एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. चुली जाऊन शेगड्या आल्या त्यालाही जमाना झाला, पण अहवालात अजून चूलच पेटत होती.

पहिली यादी लागली. फ्रेमवाले : कुटुंब एक, घर एक, स्वयंपाकघर एक.

त्या दिवशी थोरली प्रथमच काही न बोलता जेवली. उरलेलं सगळं आयुष्य एका ओट्यापाशी, एका शेगडीसमोर, त्या काढ्यासमोर! तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, आता?"

"तूच सांगितलंस ना त्यांना," थोरला म्हणाला आणि त्या दिवसापुरतं त्याचं बोलणं संपलं.

हरकती घ्यायला मुदत होती, आणि गल्लीने ती वाया घालवली नाही. रातोरात घराघरांतून चुली फुटल्या. कालपर्यंत एका ताटात जेवणारे बापलेक वेगळे झाले. एका म्हाताऱ्याने तर बायकोपासून वेगळी शेगडी मांडली आणि तिच्याकडूनच त्या शेगडीवर भात शिजवून घेतला. अशा या बाजारात थोरलीची खरीखुरी दुसरी चूल कोण खरी मानणार? त्यातून तिचं सोनेरी चौकटीतलं पान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होतं.

पडताळणीला आली ती टोपणवाली. पेनाचं टोपण सतत चावायची म्हणून गल्लीने तिचं हे नाव ठेवलं होतं. चाळिशीची, शांत, आणि गल्लीला जरा नकोशी, कारण ती प्रश्न कमी विचारायची आणि बघायची फार. थोरलीने सवयीने तिला पुढच्या खोलीत बसवलं, सवयीने पडदा ओढला आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन परत उघडला.

"बाई, आमच्या चुली दोन आहेत," ती म्हणाली.

"सगळ्यांच्याच आहेत सध्या, काकू," टोपणवाली म्हणाली. "मागच्या घरात तर तीन निघाल्या. एकीच्या शेगडीवर दुकानातलं लेबल तसंच होतं."

"आमच्या जुन्या आहेत. तुम्ही प्लाय बघा ना, किती काळं पडलंय."

"बघते. पण खाली दुकानात ते पान आहे. माझ्या सरांनीच लिहिलंय ते. चहा एकाच पातेल्यात."

थोरलीने पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. इतक्या वर्षांत कोणत्याही प्रश्नाला तिची अशी पंचाईत झाली नव्हती. दारात गॅलरीच्या बाजूने धाकटी उभी होती. ती जमिनीकडे बघत होती आणि नखाने चौकटीचा रंग खरवडत होती.

टोपणवालीने टोपण तोंडातून काढलं. "मी एकच करते. सगळ्या घरांत तेच केलंय. धाकट्या काकू, तुम्ही यांच्या स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणा. थोरल्या काकू, तुम्ही त्यांच्या. बाकी काही विचारणार नाही."

"एवढंच?" थोरली म्हणाली.

"एवढंच. खोट्या चुली मांडलेल्या घरांत हात सरळ डब्यावर जातो. झोपेतसुद्धा सापडेल असा."

थोरली उठली. प्लायच्या पलीकडे जायला गॅलरीतून चार पावलं होती, पण ती गेल्या कित्येक वर्षांत तिने टाकली नव्हती. आत शिरताना तिला वाटलं, साखर ती कुठे ठेवणार? मला काय ठाऊक नाही तिचं डोकं? शेगडीच्या डावीकडे, हाताशी. तिने डावीकडचा डबा उघडला. मीठ. त्यामागचा उघडला. त्यात सेफ्टी पिना, बटणं आणि एक तुटका कंगवा. वरच्या फळीवर चहापूड होती, थोरलीच्याच ब्रँडची, याचा तिला जरा रागच आला. खिळ्याला ते गाळणं टांगलेलं होतं. ज्यावरून महाभारत झालं ते. त्याची जाळी कधीच फाटली होती. धाकटी आता दुसऱ्याच गाळण्याने चहा गाळत असणार, पण हे टाकलं नव्हतं.

पलीकडून, म्हणजे थोरलीच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून, धाकटीची खुडबुड ऐकू येत होती. डबे वाजत होते. "अगं बाई, हे काय, तांदूळ!" असं ती स्वतःशी पुटपुटली, तेही स्पष्ट ऐकू आलं. इतकं स्पष्ट, की थोरली थबकली.

मग तिला खुर्ची दिसली. प्लायला पाठ टेकून ठेवलेली एक जुनी वेताची खुर्ची. बसून बसून वेत खोलगट झालेला, वर एक उशी, उशीवर अर्धवट विणकाम. प्लायवर डोकं टेकतं तिथे तेलाचा गोल डाग. थोरलीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच त्या खुर्चीत बसली. तिला सगळं ऐकू येत होतं. पुढच्या खोलीत टोपणवाली टोपण चावत होती, तेसुद्धा.

म्हणजे थोरलीच्या सगळ्या मुलाखती धाकटीने इथे बसून ऐकल्या होत्या. नवऱ्याला घातलेल्या शिव्या, लेकीशी फोनवर केलेली कुजबुज, आजारपणातलं कण्हणं. त्या तापाच्या दिवसांत गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी पेज कशी हजर व्हायची, हे कोडं तिला तेव्हा उलगडलं नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर थोरलीचीही भाजी चिरायची जागा प्लायच्या अगदी कडेलाच होती. एकटीच असताना ती जरा मोठ्यानेच बोलायची, ते काय भांड्यांना ऐकवायला?

ती रिकाम्या हाताने बाहेर आली. धाकटीही आली, हातात तांदळाचा डबा घेऊन.

"साखर कुठे ठेवता हो जाऊबाई?"

"खिडकीत. मुंग्या येतात म्हणून पाण्यात. तुझी?"

"साखर संपलीय," धाकटी म्हणाली, "काल."

टोपणवालीने कागदावर काहीतरी खोडलं आणि दुसरं लिहिलं. "दोन," ती म्हणाली. "दोन कुटुंबं, दोन घरं. शेजारी शेजारी मिळतील."

थोरलीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, पण लगेच दुसरं चढलं. "मग ते पान? ते खोटं ठरणार?"

"चूक आमची आहे, काकू. इतकी माणसं इथे येऊन गेली, पुढच्या खोलीपलीकडे एकही गेला नाही. सरसुद्धा नाहीत."

"खोटं कसं ठरेल?" धाकटी एकदम म्हणाली. तिचा आवाज कुठल्याही मुलाखतीत इतका मोठा लागला नव्हता. "सर आले होते तेव्हा चहा एकाच पातेल्यात होता. मीच उकळला होता. यांनी पण तोच प्यायला. विचारा."

"प्यायला," थोरली म्हणाली. "नाइलाजाने."

टोपणवाली हसली आणि कागद गुंडाळू लागली. "नवी इमारत पक्की आहे. दोन घरांच्या मधे जाड विटांची भिंत. पलीकडे ढोल वाजवला तरी ऐकू यायचं नाही."

दोघींनी एकदमच प्लायकडे पाहिलं. खाली दुकानात काच कापल्याचा कर्र आवाज आला.

"किती जाड?" थोरलीने विचारलं.

"हातभर असेल."

"एवढी कशाला?"

"लोकांना तशीच हवी असते, काकू. आम्ही सर्वेक्षण केलंय."

"आम्हाला नाही विचारलं."

"दार मागू या का, जाऊबाई?" धाकटी हळूच म्हणाली.

"दार नको," थोरली म्हणाली. "दार आलं की येणं-जाणं आलं, आणि माझ्या ओट्यावर तुझं पातेलं आलं. खिडकी. ओट्याच्या वर. कपबशी जाईल एवढी."

"आणि कडी?"

"दोन्हीकडून."

"माझ्याकडून आधी."

"बरं, तुझ्याकडून आधी. लिहा बाई."

टोपणवालीने कागद परत उलगडला, वरून खालपर्यंत शोधला. असल्या खिडकीसाठी रकाना नव्हता. शेवटी 'इतर' असं छापलेल्या जागेत तिने दाटीवाटीने लिहिलं, आणि थोरलीने वाकून ते नीट लिहिलंय का हे तपासलं.

मग चहा झाला. एकीने इकडे टाकला, एकीने तिकडे, खिडकीतली साखर वाटीने गॅलरीतून गेली. टोपणवालीसमोर दोन कप आले, एक फिकट, एक गडद, आणि दोन्ही जावा हात बांधून समोर उभ्या राहिल्या. तिने एक घोट याचा घेतला, एक त्याचा.

"हिचा चांगला आहे," थोरली धाकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "असं कोणी म्हटलं तर तुम्ही पूर्णपणे सहमत, काहीसे सहमत, की—"

"सांगता येत नाही," टोपणवाली चटकन म्हणाली आणि दोन्ही कप तळापर्यंत रिकामे केले.