घाबरं हुतंय

डॉक्टर व्हायला निघालेली आणि थोडक्या मार्कांनी वाटेतच अडकलेली मुलं डॉक्टरांचे लेखनिक होतात. साताऱ्याच्या त्या दवाखान्यात संयोगिता तशीच आलेली. पेशंट बोलायचा आणि ही शेजारी बसून ते इंग्रजीत संगणकावर उतरवायची. डॉक्टर हैदराबादचे, मराठीच्या नावानं बोंब. त्यामुळे संयोगिता लिहील तेच पेशंटचं दुखणं.

गेल्या उन्हाळ्यात दहिवडीकडच्या मुक्ताबाई आल्या. गोंदलेला हात छातीवर ठेवून म्हणाल्या, "बाय, लय घाबरं हुतंय." शहरात वाढलेल्या संयोगितानं लिहिलं, भीती वाटते. डॉक्टरांनी धीर दिला, झोपेची गोळी दिली. मुक्ताबाई परतताना एसटी स्टँडवरच कोसळल्या आणि गेल्या. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. छाती धडधडून जीव कासावीस झाला की गावाकडं घाबरं होतंय म्हणतात, हे संयोगिताला फार उशिरा कळलं. तिनं ती नोंद तशीच राहू दिली.

मुक्ताबाई मात्र तिला सोडून गेल्या नाहीत. कुणाचाही हात छातीकडं गेला की तो गोंदलेला दिसायचा. घरी पोळ्या लाटताना पाठीमागून कुणीतरी "बाय" म्हणायचं आणि तिचं लाटणं थांबायचं. आईला वाटायचं, पोरगी अभ्यासाचा ताण घेतेय.

आज त्याच स्टुलावर एक धडधाकट माणूस येऊन बसला.

"मी धोंडीबा. मुक्ताबाईचा थोरला. आई स्टँडवरनं फोनवर म्हनली हुती, त्या पोरीनं लय नीट लिवून घेतलं." मग त्यानं छातीवर हात ठेवला. "मलाबी तिच्यावानीच घाबरं हुतंय."

संयोगितानं कीबोर्ड जवळ ओढला. तिनं या वेळी छातीचा त्रास असंच लिहिलं. पण मुक्ताबाईंचं नाव ऐकून डॉक्टरांनी आईची जुनी नोंद उघडली आणि हसले. आई भित्री, मुलगाही भित्रा, म्हणत त्यांनी त्याच गोळीचं नाव लिहायला घेतलं.

ती इंग्रजीत म्हणाली, "सर, ती नोंद चुकीची आहे. त्यांना भीती नव्हती, हृदयाचा त्रास होता. मी चुकीचं लिहिलं."

डॉक्टरांचा पेन थांबला. दुसऱ्या क्षणी त्यांनी नर्सला हाक मारली, धोंडीबाला आडवं केलं, तारा लावल्या. यंत्रातून निघालेली पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला आणि धावपळ सुरू झाली. धोंडीबा वाचणार होता, वेळेत सापडला होता.

स्ट्रेचरवरून त्यानं तिचा हात धरला. "डाक्टरास्नी काय सांगितलंस गं बाय? आईचं काय तरी म्हनलीस न्हवं?"

तिला हात सोडवून घेता आला असता. तिनं तो घट्ट धरला.

"दादा," ती म्हणाली, "तुमच्या आई घाबरल्या नव्हत्या. तसं मी लिहिलं."