लाल टोपीचा पक्ष कोणता?

मी टोपी बोलतेय. लाल. हे आधीच सांगून टाकते, कारण रंग दिसला की त्यापुढे माझं कुणी ऐकूनच घेत नाही.

माझा जन्म व्हिएतनामच्या एका कारखान्यात झाला. शेजारच्या मशीनवर निळ्या टोप्या शिवल्या जात होत्या. दोन्हींना बटणं लावणारी बाई एकच होती, आणि तिला आमच्यात काही फरक दिसला नाही. पुढे मी अमेरिकेत, नेब्रास्काला गेले. तिथल्या एका बियाण्यांच्या दुकानाने माझ्या कपाळावर पांढऱ्या अक्षरांत मक्याची जाहिरात छापली आणि मला गिऱ्हाइकाला फुकट दिलं. ते गिऱ्हाईक म्हणजे डेल नावाचा शेतकरी. बायको गेल्यावर तो आयर्लंडमधल्या नावन या गावी, मुलीकडे राहायला आला. सोबत मी आलेच.

अमेरिकेत लाल हा उजव्यांचा, म्हणजे रिपब्लिकनांचा रंग आणि निळा डाव्यांचा, म्हणजे डेमोक्रॅटांचा; त्यातही पांढऱ्या अक्षरांची लाल टोपी ही रिपब्लिकन प्रचाराची खूण. त्यामुळे नावनचे लोक मला लांबूनच बघत आणि ठरवून मोकळे होत. मक्यापर्यंत वाचायचे कष्ट कोण घेणार?

शेजारी निमिष राहतो. मूळचा सोलापूरचा, पण पुण्यात शिकलेला, आता डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या एका ऑफिसात कामाला. अमेरिका त्याला फोनमधून कळते. बंदूक, चर्च, मांस, मोठी गाडी म्हणजे उजवे. सायकल, योगा, ओटचं दूध म्हणजे डावे. एवढ्यावर तो अख्ख्या देशाची वाटणी करतो. पुण्यात हाच पूजा आणि योगा आटपून मोठ्या गाडीतून बिर्याणी खायला जायचा, तेव्हा तो स्वतः कोण होता हे मात्र त्याने कधी तपासलं नाही.

त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी वडील आले, मुरलीधर. वीज मंडळातले निवृत्त वायरमन, जन्मभर लाल बावट्याच्या युनियनमध्ये. कुंपणापलीकडे मला पाहून त्यांचा ऊर भरून आला. मूठ उंचावून म्हणाले, "लाल सलाम." डेलला वाटलं, भारतात असाच नमस्कार करत असतील. त्यानेही मूठ उंचावली.

"बाबा, तिकडे लाल म्हणजे उजवे," निमिषने घरात सांगितलं.

"लाल म्हणजे उजवे? कुणी ठरवलं हे?"

पण तोवर मुरलीधरांनी आणि डेलने मिळून त्याच्या अंगणात मेथी लावली होती. दिवसभर घरात मुरलीधरांशी बोलायला कुणी नव्हतं. डेलशीही नव्हतं. मोडक्या इंग्रजीत दोघांचं छान जमलं.

मुरलीधरांच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस आला. त्यांनी डेलला जेवायला बोलावलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी निमिषने कर्टनीला. ती त्याची अमेरिकन साहेबीण. सायकलवरून ऑफिसला येते, म्हणून निमिषच्या हिशोबात पक्की डावी. जेवणात मटण होतं, पण तिच्यासाठी वेगळं पिठलं केलेलं. आणि निमिषच्या खुंटीवर मी; डेल सकाळी मला तिथेच विसरून गेला होता.

"बाबा, डेलना नंतर कधीतरी बोलवू."

"नंतर कधी? उद्या सकाळी माझं विमान आहे."

निमिष आत जाऊन मुलीच्या कानात काहीतरी पुटपुटला. अस्मिता सात वर्षांची, मराठी समजते पण बोलते तिथल्याच इंग्रजीत. आजोबांकडे येऊन म्हणाली, "आजोबा, पुट द हॅट इन द प्रेस."

आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट. सोलापुरात प्रेस म्हणजे इस्त्री. मुरलीधरांना वाटलं, मुलाला उपरती झाली, मित्राची टोपी इस्त्री करून द्यायची आहे. त्यांनी इस्त्री चांगली तापवली आणि माझी सगळी अक्षरं तिला चिकटली. माझ्या निर्दोषपणाचा एवढा एकच पुरावा होता, तोही गेला. आता मी नुसती लाल.

मुरलीधर मला घेऊन तसेच डेलकडे गेले, माफी मागितली आणि त्याला हाताला धरून घेऊन आले. दारात कर्टनी उभी. निमिषचा चेहरा पिठल्यासारखा झाला.

कर्टनी मला बघून हसली. "माझ्या वडिलांकडे अशीच आहे. मतही मी रिपब्लिकनांनाच देते. सायकल बघून ऑफिसने परस्पर मला डावी ठरवलं, मीही तसंच चालू दिलं." आणि तिने मटण दोनदा वाढून घेतलं.

पिठलं डेलने खाल्लं. "दर रविवारी चर्चला जातो, गावी दोन बंदुका आहेत," तो म्हणाला, "आणि पन्नास वर्षं मत डेमोक्रॅटांना. टोपी फुकट मिळाली होती." मग तो आणि कर्टनी सरकारी शाळांवरून तासभर कडाकडा भांडले. जाताना तिला डब्यात बांधून दिलेलं उरलेलं मटण मात्र तिने डेलच्या मुलीसाठी देऊन टाकलं.

"म्हणजे लाल बावटा यांच्यात कुणाचाच नाही?" मुरलीधरांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा."

मुरलीधरांना खरंच वाईट वाटलं. डेलने मला त्यांच्या डोक्यावर ठेवलं. म्हणाला, "आता हिच्यावर काही लिहिलेलं नाही. तू घाल."

तेव्हापासून मी सोलापुरात आहे. पहिल्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर युनियनमधले जुने मित्र सतीशराव म्हणाले, "असल्या टोप्या मी फोनवर बघितल्यात. मुरली, अमेरिकेवाल्यांत गेलास? टोपी फिरवलीस काय रे?"

"फिरवली नाही," मुरलीधर म्हणाले. "मित्राची आहे."

चाळीस वर्षं एका बाकावर बसणारे सतीशराव त्या दिवशी उठून गेले, ते अजून आलेले नाहीत. मुरलीधर रोज त्यांची वाट बघतात, पण मला काढत नाहीत. याचं मला फार अप्रूप वाटतं. तुम्ही कधी तिकडून गेलात तर माझा रंग खुशाल बघा. पण बाकावर जागा आहे, बघून झाल्यावर तिथे बसा.