आखाजीची फांदी

शनिवारी सकाळी जळगावच्या पिंप्राळ्यातून गाडी निघायची तेव्हा शेजारच्या प्रमिलाबाई हटकून विचारायच्या, "घर बदलताय की काय?" त्यांचं फारसं चुकत नव्हतं. दोन माणसं, दोन दिवस, आणि डिकीत पाण्याचे चार जार, इंडक्शनची शेगडी, डास मारायची रॅकेट, उशा, फिनेल आणि प्रेमराजरावांची ती घडीची आरामखुर्ची. ती उघडताना दोघांनाही घाम फुटायचा, आणि एकदा उघडली की मिटायचं नाव घ्यायची नाही.

प्रेमराजराव विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. दिपमालाबाईंनी बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. मुलगा पुण्याला, फ्लॅटमध्ये दोघंच एकमेकांची तोंडं बघत. मग प्रेमराजरावांच्या डोक्यात फार्महाऊसचं खूळ शिरलं. पारोळा सोडून धुळ्याकडे निघालं की डाव्या हाताला एक गाव लागतं, तिथे सुपडूभाऊंची नाल्याकाठची अर्धा एकर मुरमाड जमीन त्यांनी घेतली. एक खोली, वर पत्रे, पुढे ओटा. फार्महाऊस म्हणायचं ते आपलं जळगावच्या लोकांना सांगायला. जमिनीवर आधीपासून होतं ते एकच. खोलीशेजारचं थोरलं कडुनिंबाचं झाड.

पहिले चार-सहा महिने फजितीचेच गेले. पत्रे तापले की आत भट्टी व्हायची, वारा सुटला की पत्रे वाजायचे आणि बाई रात्रभर बसून राहायच्या. चूल पेटवायला त्यांना अर्धी बाटली रॉकेल आणि एक अख्खं वर्तमानपत्र लागायचं. हे सगळं बांधावरून बघणारी सुपडूभाऊंची बायको कमलबाई एक दिवस हसू आवरत आत आली. तिने काड्या उभ्या रचल्या, एक फुंकर मारली आणि चूल पेटली. मग ती दर शनिवारी यायला लागली. चप्पल झटकून घालायची, इथे विंचू निघतात. माठाखाली ओली वाळू ठेवायची. मिरच्यांचा ठेचा पाट्यावरच वाटायचा, त्या घुंई-घुंई करणाऱ्या डब्यात नाही. दिपमालाबाई, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारल्या, त्या इथे मुकाट्याने शिकत होत्या. त्यांना ते आवडतही होतं. जळगावात त्यांना "मॅडम" म्हणणारे शेकड्याने होते, पण समोर बसून डोक्यातल्या उवांपासून सुनेपर्यंत काहीही बोलणारं कुणी नव्हतं. त्या कमलबाईला अक्का म्हणायला लागल्या.

अक्काची एकुलती एक मुलगी पुनम शिरपूरकडे दिलेली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायची, आणि या निंबाला झोका बांधायचे. विकलेल्या जमिनीबद्दल अक्का एकदाच काय ते बोलली. ओट्यावर बसल्या बसल्या हनुवटीने वर दाखवत म्हणाली, "जमीन तुम्हनी, ताई. पन आखाजीले हाई फांदी आम्हनी."

"ती तुमचीच, अक्का," बाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं. मोकळ्या अंगणावर पसरलेली एक जाडजूड, हिरवीगार फांदी होती. झोका बांधायचा तर हिलाच, यात विचारायचं काय? त्यांनी विचारलं नाही. पुढच्या आखाजीला दोघं नातवाच्या वाढदिवसाला पुण्याला गेले होते. परत आले तोवर झोका उतरला होता. शनिवार-रविवारच्या माणसांना गाव असं अर्धंच दिसतं.

गेल्या दिवाळीत पुनम गेली. ताप म्हणून दवाखान्यात नेली, तिसऱ्या दिवशी संपलं. बत्तीस वर्षांची होती. निरोप आला तेव्हा दिपमालाबाई जळगावात फराळाचे डबे भरत होत्या. तशाच उठून दोघं गावात आले. अक्का भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. बाईंनी तिचा हात धरला आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिल्या.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेल्या तेव्हा अक्का आपणहून बोलली. खानदेशात वर्षभरात कुणी गेलं असेल तर आखाजीला त्याच्या नावाची नवी घागर भरतात, वर सांजोरी, आंबा, खरबूज ठेवतात.

"घागर तिना सासरे भरतीन," अक्का म्हणाली. "तो त्यासना मान शे. मायना हातमा काय ऱ्हायनं? झोका ऱ्हायना, ताई. तिना झोका बांधसू. एकदाव हालावसू. बस."

"मी असेन तुमच्याबरोबर," दिपमालाबाई म्हणाल्या. "फांदीला कुणी हात लावणार नाही, माझा शब्द."

आणि शब्द त्यांनी पाळला. म्हणजे त्यांना तसंच वाटत होतं.

जानेवारीत सव्वीस तारखेला जोडून सुट्ट्या आल्या. प्रेमराजरावांनी ऑफिसातल्या जुन्या मित्रांना भरिताचं आवतण दिलं. थंडीत भरिताची पार्टी केली नाही तर शेत घेतल्याचा उपयोग काय? पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ते पत्र्यावर चढून नवीन सोलर पुसत होते. तिथून ओरडले, "अगं, ही इकडची फांदी बघ. पार किडली आहे!"

बाई स्टुलावर चढल्या. पत्र्याच्या कडेवरून बाहेर गेलेली एक वाकडी फांदी होती. हातभर अंतरावर तिला दोन ठिकाणी खोल खाचा पडल्या होत्या. साल गेलेली, आतलं लाकूड काळपट, कडेने गाठी आलेल्या. बाईंनी चष्मा सरसा करून निरखलं. वर्गात फळ्यावर काढून दाखवावं असं ते होतं.

"खोडकीड नाहीतर बुरशी," त्यांनी निकाल दिला. "वारा आला की त्या खाचेपाशीच मोडेल आणि थेट सोलरवर येईल. काढून टाका." मग अंगणावरच्या हिरव्या फांदीकडे बोट करून बजावलं, "आणि त्या फांदीला मात्र धक्का लागता कामा नये. ती अक्काची."

सुपडूभाऊ त्या दिवशी धुळ्याला गेले होते. अक्का तर दिवाळीपासून घराबाहेर पडलीच नव्हती. एक फोन केला असता तर? पण जीवशास्त्राच्या बाईने फांदीबद्दल कुणाला विचारायचं? प्रेमराजरावांनी ऑनलाईन मागवलेली बॅटरीची करवत तिचं पहिलं काम करून गेली. बाईंनी कापलेल्या तोंडाला पुस्तकात असतं तसं मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट फासली. निळसर लेप नीट बसला, त्यांना समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी जमली. भरिताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजली गेली, कळण्याच्या पुऱ्या झाल्या, आणि सूर्य कलता कलता गारठा वाढला तशी त्या फांदीचे ओंडके करून शेकोटी पेटवली. गाणी झाली, साहेबांच्या नकला झाल्या. सुपडूभाऊ भरितासाठी कांद्याची पात घेऊन आले. शेकोटीजवळ उकिडवे बसले. एक ओंडका अजून पेटला नव्हता, तो त्यांनी हाताने उलटा केला, अंगठा त्याच्यावरून फिरवला आणि परत होता तसा ठेवला.

"भाऊ, पान वाढू?" बाईंनी विचारलं.

"नको, ताई. भूक नही," म्हणाले आणि उठून गेले.

पोरीचं दुःख आहे, बाईंच्या मनात आलं. त्यांना वाईट वाटलं. मग कुणीतरी चहा मागितला आणि त्या आत गेल्या.

यंदा आखाजी रविवारी आली. दिपमालाबाई शनिवारीच येऊन अंगण सारवून बसल्या होत्या. इंडक्शन आता जळगावातच राहायची, सारवण त्यांच्या हातचं बऱ्यापैकी बसायचं. हिरव्या फांदीखालचे दगड वेचून त्यांनी जागा साफ केली होती, दुरडीत आंबे ठेवले होते. इतक्या महिन्यांनी अक्का येणार होती.

सकाळी नऊच्या सुमाराला ती आली. वाळली होती. खांद्यावर दोरीचं जाड वेटोळं, मागे दोन पावलांवर सुपडूभाऊ. ते फाटकापाशीच थांबले. अक्का साफ केलेल्या जागेकडे वळलीच नाही. ती सरळ खोलीच्या कडेला गेली आणि तिने वर पाहिलं.

वर बुंध्याजवळ निळा लेप लावलेलं गोल तोंड होतं, आणि पुढे नुसतं आभाळ.

 दिपमालाबाई पुढे झाल्या.

"अक्का, ती फांदी रोगट होती. खाचा पडल्या होत्या... तुमची ही इकडे, मी जपून—"

"रोग नही, ताई." अक्काचा आवाज इतका हळू होता की बाईंना जवळ जावं लागलं. "दोरीना वळ शेतस त्या. सात वरीसनी व्हती, तधयपासूनना."

बाई ओट्याच्या कडेवर बसल्या. पंचवीस आखाज्या. दोन दोऱ्या, एकाच जागी. परकरातली पोर, मग साडीतली, मग लेकुरवाळी. पोरीने आपल्या वजनाने निंबावर लिहून ठेवलेलं ते एवढंच, आणि बाईंनी चष्मा लावून ते तपासलं आणि चूक ठरवलं.

"आपण... आपण त्या फांदीला बांधू या अक्का. चांगली भक्कम आहे."

अक्काने त्या फांदीकडे पाहिलं. रागाने नाही. परक्या माणसाकडे पाहावं तसं. "त्या फांदीले मनी पुनम माहीत नही," ती म्हणाली.

मग तिला काहीतरी सुचलं. डोळ्यांत पहिल्यांदा जरा जीव आला. "लाकूड व्हई ना, ताई? वळ पडेल तेवढं दी द्या. हातभर तुकडा. घरमा ठेवसू."

दिपमालाबाईंनी प्रेमराजरावांकडे पाहिलं. ते आरामखुर्चीचा दांडा धरून जमिनीकडे बघत होते. सांगायचं बाईंनाच होतं.

"जाळलं, अक्का. जानेवारीत. पाहुणे आले होते, थंडी होती..."

"बठ्ठं?"

"सगळं."

अक्काने फाटकाकडे मान वळवली. सुपडूभाऊंनी तिच्या नजरेला नजर दिली नाही, आणि तेव्हा दोघींनाही एकदमच कळलं की त्यांना माहीत होतं. ओंडक्यावरून फिरलेला तो अंगठा बाईंना आत्ता समजला.

"सांगीसन काय व्हतं?" सुपडूभाऊ फाटकातूनच म्हणाले. "फांदी काय परत जोडाई जाती?" आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसायला लागले.

दिपमालाबाईंना पाय धरायचे होते, माफी मागायची होती. त्या नुसत्या रडत राहिल्या. अक्काच खाली वाकली. तिने आपल्या पदराने बाईंचे डोळे पुसले, चूल पेटवायला शिकवताना पुसायची तसेच.

"निंबना धूर कडू ऱ्हास, ताई," ती म्हणाली. "त्या दिन डोया झोंबनात व्हतीन तुम्हना."

"हो," बाई कशाबशा म्हणाल्या.

अक्काने दोरी पुन्हा खांद्यावर घेतली. "सांजले जाशात तधय चावी दी जाज्यात. झाडले पानी घालसू मी," म्हणाली आणि बांधाच्या वाटेने निघाली. गावात पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, ती इथवर ऐकू येत होती.

दिपमालाबाई तिच्या खांद्यावरच्या दोरीकडे बघत राहिल्या. अक्काशी त्या खोटं बोलल्या होत्या. त्या दिवशी वारा पलीकडचा होता आणि कुणाच्याही डोळ्यांना धूर लागला नव्हता. सगळे हसत होते, त्याही हसत होत्या, आणि हात शेकून झाल्यावर कोण म्हणालं ते आता आठवत नव्हतं, पण म्हणालं होतं खरं, "वहिनी, लाकूड मात्र झकास पेटलं हं!"