अननस लावलेली किल्ली

अकरा वर्षं घरी काढून ती पुन्हा नोकरीला लागली तेव्हा तिचं वय होतं बेचाळीस आणि तिच्या वरिष्ठ बाईचं अठ्ठावीस. जुळी मुलं होण्याआधी ती एका वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करायची. फोनवर गोड बोलून पाव पानाचं गिऱ्हाईक अर्ध्या पानावर आणणं हा तिच्या डाव्या हाताचा मळ होता. पण मधल्या काळात सगळ्या जाहिराती मोबाइलमध्ये जाऊन बसल्या. मग तिने सहा महिन्यांचा एक वर्ग केला, जुळ्यांच्या मिनतवाऱ्या करून व्हिडिओ कापायला शिकली, आणि चौथ्या मजल्यावरच्या एका डिजिटल एजन्सीत शिकाऊ म्हणून चिकटली.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या उघड्या स्क्रीनवर तिला दिसलं, की ऑफिसच्या खासगी ग्रुपवर तिचा उल्लेख ‘काकू’ असा होतो. तिने शेजारच्याच्या कीबोर्डवर हात लांबवून लिहिलं, ‘काकूलाही ग्रुपमध्ये घ्या. काकूचे विनोद तुमच्यापेक्षा घाणेरडे आहेत.’ पाच मिनिटांत तिला घेतलं. तेव्हापासून ती सगळ्यांसमोर काकू झाली.

ऑफिसात दोन माणसं महत्त्वाची होती. एक क्रिएटिव्ह हेड. तो डोक्यावर केसांचा अंबाडा बांधायचा, म्हणून पाठीमागे त्याचं नाव अंबाडाच. कुणी काहीही लिहून नेलं की तो डोळे मिटून म्हणायचा, ‘‘ह्या वाक्याला श्वास घेता येत नाहीये.’’ दुसरी काकूची वरिष्ठ, कॅप्टन. कॉलेजात व्हॉलीबॉलच्या संघाची कप्तान होती आणि अजूनही बोलताना समोरच्याने चेंडू अडवावा अशा तयारीने बोलायची.

आणि तिसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे किल्ली. त्या मजल्यावर बायकांचं स्वच्छतागृह होतं, पण त्यात शूटिंगचं सामान भरलेलं होतं: दोन दिवे, एक गुंडाळलेलं हिरवळीचं कापड आणि डोकं नसलेल्या तीन पुतळ्या. त्यामुळे बायकांनी खालच्या मजल्यावरच्या विमा कंपनीत जायचं. तिथली किल्ली अंबाड्याच्या काचेच्या केबिनमध्ये, त्याच्या खुर्चीमागच्या खिळ्याला लटकलेली असे, आणि ती हरवू नये म्हणून तिला नारळाएवढा प्लास्टिकचा अननस बांधला होता. म्हणजे ज्या बाईला जायचं असेल तिने आधी अंबाड्याला ‘जरा सरका’ म्हणायचं, मग अननस काखोटीला मारून अख्खं ऑफिस ओलांडायचं. पुरुषांचं स्वच्छतागृह दोन पावलांवर होतं. त्याला अननस नव्हता.

अशा वेळी एजन्सीला नवं गिऱ्हाईक मिळालं: पोट साफ करायच्या पावडरीचा कारखाना. तरुण मंडळींनी नाकं मुरडली. एकाला अचानक सर्दी झाली, एकीचं लग्न ठरलं. अंबाडा मात्र कामाला लागला आणि त्याने आठवड्याभरात फिल्म लिहून आणली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली तरुणी पहाटे हिरव्या माळावरून एकटीच पळते आहे, आणि मागून ओळ येते, ‘हलकी हो. मोकळी हो.’

‘‘काही प्रश्न?’’ अंबाड्याने विचारलं.

‘‘एकच,’’ काकू म्हणाली. ‘‘ही बाई एवढ्या पहाटे माळावर कशाला गेलीये?’’

अंबाड्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

‘‘नाही, हातात टमरेल दिलंत तर माझं काही म्हणणं नाही.’’

कॅप्टनचा चहा नाकातून बाहेर आला. अंबाड्याने डोळे मिटले, पण ह्या वेळी वाक्याच्या श्वासाविषयी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी काकूला शिक्षा झाली: पावडरीच्या पेजवर लोकांनी पाठवलेल्या संदेशांना उत्तरं देणे. तीनशेहून जास्त संदेश न वाचलेले पडून होते.

काकूने पहिला उघडला. ‘आठ दिवस झाले. परवा लग्न आहे. माझंच.’

तिने उत्तर लिहिलं, ‘पावडर आज घ्या. परवा सकाळी अजिबात नको. अभिनंदन.’

एका गृहस्थांनी विचारलं होतं की पावडर कोमट पाण्यातून घ्यावी की गार, जेवणाआधी की नंतर, बसून की उभ्याने. काकूने लिहिलं, ‘काका, कोमट, नंतर, बसून. पण इतका विचार केलात तर आतडंसुद्धा विचारात पडेल.’ लोक ही उत्तरं एकमेकांना पाठवायला लागले.

काकूच्या सासूबाई तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही गोष्टीची त्यांना किळस नव्हती, आणि त्याविषयी जेवताना बोलू नये हे त्यांना पटत नव्हतं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता काकू अवघड संदेश त्यांना वाचून दाखवायची.

‘‘रक्त पडतंय म्हणाली? मग पावडर नाही, डॉक्टर. आजच. मोठ्या अक्षरात लिही.’’

‘‘अहो आई, मी पावडर विकते. सारखं डॉक्टरकडे पाठवलं तर मलाच घरी पाठवतील.’’

‘‘पाठवू देत. इथे भाजी निवडायला कुणीतरी हवंच आहे.’’

मग एके दिवशी तिकीट खिडकीत काम करणाऱ्या एका बाईचा संदेश आला. ‘सकाळी सातला खिडकीत बसते, चारला सुटते. जायला जागा नाही, म्हणून पाणी पीत नाही. आलेली दाबून ठेवते. आता येतच नाही. पावडर घेतली तर खिडकीत बसून जीव टांगणीला लागतो. काय करू?’

काकूने तो दोनदा वाचला. सासूबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली.

‘‘हिला औषध काय देतेस? हिला दार दे. कडी असलेलं.’’

त्यानंतर काकू मुद्दाम तसे संदेश वेगळे काढायला लागली. तीन आठवड्यांत एकेचाळीस निघाले. दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली, बस चालवणाऱ्या बायका, एक शाळामास्तरीण, एक कोर्टातली टंकलेखिका. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: पोटाची तक्रार नाही, जागेची आहे. काकूने नावं पुसून त्यांची यादी केली आणि कॅप्टनसमोर ठेवली.

‘‘जाहिरात ह्याची करू या.’’

कॅप्टनने यादी वाचली. ‘‘काकू, म्हणजे आपण पावडरवाल्यांना सांगायचं की तुमची पावडर घेऊ नका?’’

‘‘ज्याचं खरंच अडलंय त्याने घ्यावी. जिला जाऊ देत नाहीत तिने आधी भांडावं.’’

‘‘हातचं गिऱ्हाईक जाईल. अंबाडा मला खाईल.’’ ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘मी सकाळी दहानंतर पाणी पीत नाही.’’

‘‘का?’’

कॅप्टनने केबिनच्या काचेतून दिसणाऱ्या अननसाकडे हनुवटी उडवली. ‘‘तो सरकतो ना, तेव्हा दर वेळी म्हणतो, ‘पुन्हा?’’’

काकूला हसूही आलं आणि रागही. राग जास्त.

अंबाड्याने माळावरची फिल्म शूट करून घेतली आणि ती गिऱ्हाईकाला दाखवायचा दिवस उजाडला. पावडरीच्या कारखान्याच्या मालकीण साठीच्या पुढच्या होत्या. नवऱ्याला अध्यात्माची ओढ लागून तो निघून गेल्यापासून कारखाना त्याच बघत होत्या, आणि त्याच्या जाण्याने कारखान्याची भरभराट झाली होती. त्या तीन तासांचा प्रवास करून आल्या, अंबाड्याच्या केबिनमधल्या खुर्चीत टेकल्या. अंबाड्याने दिवे मालवले आणि म्हणाला, ‘‘कल्पना करा, पहाटेची वेळ...’’

‘‘आधी मला जाऊन येऊ दे,’’ मालकीणबाई म्हणाल्या. ‘‘कुठे आहे?’’

अंबाड्याने कॅप्टनकडे पाहिलं, कॅप्टनने छताकडे. शेवटी काकू उठली, खिळ्यावरचा अननस काढला आणि मालकीणबाईंच्या हातात दिला.

‘‘हे काय?’’

‘‘किल्ली. एक मजला खाली जायचं. चला, मी दाखवते.’’

‘‘मग ते दार कसलं?’’ केबिनबाहेर येताच त्यांनी समोर बोट दाखवलं. दारावर झगा घातलेली बाई रंगवली होती. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी ते ढकललं. आतून एक बिनडोक्याची पुतळी सावकाश त्यांच्या अंगावर झुकली. मालकीणबाईंनी तिला खांद्याला धरून पुन्हा उभं केलं, ‘बस गं’ म्हणाल्या आणि अननस घेऊन काकूबरोबर जिना उतरल्या.

जिन्यात त्यांनी विचारलं, ‘‘आमच्या पेजवर उत्तरं कोण लिहितं? उभ्याने की बसून वाल्या काकांना?’’

‘‘मी.’’

‘‘ते माझे दीर. तुमच्या उत्तरानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला फोन केला नाही.’’

परत येऊन त्यांनी फिल्म शांतपणे पाहिली. दिवे लागले. ‘‘मुलगी छान पळते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बिचारी बाहेर का जातेय? घरी सोय नाही का? दुसरं काही आहे का तुमच्याकडे?’’

‘‘नाही,’’ अंबाडा म्हणाला.

‘‘आहे,’’ कॅप्टन म्हणाली. तिचा आवाज थोडा फाटला, पण ती उठली आणि काकूची यादी पडद्यावर लावली.

काकूने एकेक संदेश वाचला. काही विनोद केला नाही. मालकीणबाई हात बांधून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘ह्या सगळ्या माझी पावडर घेतात. त्यांना दार मिळालं तर त्या घेणार नाहीत. मग मी काय विकू?’’

काकूला गोड बोलून पान वाढवायची जुनी युक्ती आठवली, पण इथे गोड बोलण्यासारखं काही नव्हतं. ‘‘काही जणी सुटतील, हे खरं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पण आत्ता त्या पावडर घेतात, गुण येत नाही, आणि चार जणींना सांगतात की पावडर भिकार आहे. हे बघा, नऊ संदेश तसेच आहेत.’’

मालकीणबाईंनी ते नऊ चष्मा लावून वाचले. एकीने पावडरीला भुसा म्हटलं होतं. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या.

‘‘करा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण एक अट. लोकांना दार मागा म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं उघडायचं. ह्या पुतळ्या परवापर्यंत बाहेर.’’

‘‘मॅडम, सामानाला दुसरी जागा नाही,’’ अंबाडा म्हणाला.

‘‘तुमची केबिन मोठी आहे,’’ मालकीणबाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

त्या पुतळ्या हलवणं हीच पहिली फिल्म झाली. कॅप्टनने फोनवर शूट केलं, काकू पुतळी काखेत धरून कॅमेऱ्याशी बोलत होती: आम्ही पोटाच्या पावडरीची जाहिरात करतो, आणि हे आमच्याच ऑफिसातलं बायकांचं स्वच्छतागृह. तुमच्याकडच्या स्वच्छतागृहात काय भरलंय? एवढंच. लोकांनी फोटो पाठवायला सुरुवात केली. कुठे फायली, कुठे सायकली, एका बँकेत साहेबांचं व्यायामाचं यंत्र. फोटो झळकले की तिथल्या साहेबांना फोन जायचे आणि दारं उघडायची. सगळीकडे नाही. एका दुकानाने फोटो काढणाऱ्या मुलीलाच नोकरीवरून काढलं. ते कळल्यावर काकूला दोन दिवस जेवण गेलं नाही. मालकीणबाईंनी त्या मुलीला कारखान्यात कामाला लावलं, तरीही काकूने पुढच्या प्रत्येक फोटोवरून पाठवणाऱ्याचा माग लागेल असं सगळं स्वतःच्या हाताने पुसायला सुरुवात केली.

पावडरीचा खप पहिल्या महिन्यात खरंच घसरला. मालकीणबाईंनी फोन करून काकूला मनसोक्त शिव्या घातल्या, काकूने ऐकून घेतल्या. तिसऱ्या महिन्यात खप होता तिथे आला आणि त्यापुढे जरासा सरकला.

अंबाड्याने एका परिषदेत ‘दार उघडण्याची माझी संकल्पना’ ह्या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. कॅप्टन तणतणत काकूकडे आली. काकू म्हणाली, ‘‘तणतण कागदावर काढू.’’ दोघींनी मिळून कामाची नोंद लिहिली: कल्पना कुणाची, लिखाण कुणाचं, शूट कुणाचं. ती एजन्सीच्या मालकांना पाठवली आणि मालकीणबाईंना प्रत दिली. मालकीणबाईंनी उलट टपाली एकच ओळ लिहिली, की पुढचं काम ह्या दोघींनीच केलं तर आम्ही आहोत. आठवड्याभरात काकूच्या नावामागचं ‘शिकाऊ’ गेलं आणि कॅप्टनला स्वतःची तुकडी मिळाली. अंबाडा होता तिथेच राहिला. फक्त त्याच्या केबिनमध्ये आता तीन पुतळ्याही बसत होत्या आणि मीटिंगला खुर्ची कमी पडायची.

त्याच सुमारास एजन्सीत उवांच्या शॅम्पूचं काम आलं. मीटिंगमध्ये विषय निघताच पंधरा जणांनी डोकं खाजवलं आणि मग सगळ्यांनी काकूकडे पाहिलं.

‘‘घेते,’’ काकू म्हणाली. ‘‘पण शेवटचा शब्द माझा. आणि फिल्ममध्ये कुणीही केस उडवत पळणार नाही.’’

‘‘मग काय करणार?’’ कॅप्टनने विचारलं.

‘‘आधी बारीक दातांची फणी आणू या,’’ काकू म्हणाली. ‘‘सुरुवात ह्याच टेबलापासून करू. चल, मान खाली घाल.’’