सातव्या प्रकरणातली बाई

सरांच्या पुस्तकांच्या दुकानात तीन मोठी कपाटं होती आणि तिन्हींत बहुतेक सरांचीच पुस्तकं होती. पहिल्यात जुन्या काव्यनाटकांवरचे ग्रंथ, दुसऱ्यात आरोग्य, तिसऱ्यात धर्मचिंतन. पहिल्या कपाटाने सरांना मान मिळवून दिला, दुसऱ्याने घर चालवलं आणि तिसऱ्याने काय केलं हे सांगणं कठीण, कारण गिऱ्हाईक त्याला क्वचितच हात लावायचं. मात्र त्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर, आत्म्याच्या अमरत्वावरच्या जाडजूड खंडांमागे, मावशींच्या फिटच्या गोळ्या असायच्या. चाळीस वर्षं होत आली होती. तिथली धूळ झटकायला मावशींशिवाय कोणी चढत नसे, आणि अमरत्वाला हात घालायची हौस गिऱ्हाइकांपैकी कोणाला नव्हती.

मावशी म्हणजे सरांची बायको. दुकानात येणारे सगळे त्यांना मावशी म्हणत आणि जरा जुना वाचक असला तर सोबतच्या माणसाला कोपराने ढोसून हळूच सांगे, "सातव्या प्रकरणातली बाई ती हीच बरं का!" मग सोबतचा माणूस मावशींकडे देखाव्यातली वस्तू बघावी तसा बघत राही. मावशी मोजकंच हसत आणि पुस्तक कागदात गुंडाळून देत.

त्या सातव्या प्रकरणाची हकिगत अशी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मावशींना फिट यायला लागल्या. सर तेव्हा कॉलेजात जुनं वाङ्मय शिकवत. माणूस वाईट नव्हता, उलट फार मायेचा. बायको पडली की तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायचा. पण विद्वान. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या त्या सरांनी खिडकीतून बाहेर फेकल्या, गोळीने बुद्धीला गंज चढतो म्हणाले, आणि जुने ग्रंथ उपसून बायकोसाठी दिनचर्या तयार केली. पहाटे गार पाण्याची अंघोळ, दिवसातून एकदा जेवण, मौन, आणि संध्याकाळी एका श्लोकाचं पठण. मावशींनी ती निमूटपणे पाळली. पाळता पाळता एकदा जिन्यात कोसळल्या. तान्हं पोर कडेवर होतं. ते खाली ठेवलेल्या गाद्यांच्या गठ्ठ्यावर पडलं म्हणून वाचलं.

त्यानंतर मावशींची धाकटी बहीण आली. ती नर्स होती आणि वाद घालण्यात तिला रस नव्हता. तिने ताईच्या हातात गोळ्यांची पाकिटं कोंबली. "भावोजींचं तत्त्वज्ञान भावोजींपाशी राहू दे. तू गोळी घे. आणि तोंडातून ब्र काढू नकोस."

फिट थांबल्या. सरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याच्या सातव्या प्रकरणात 'माझ्या परिचयातील एक स्त्री' कशी केवळ दिनचर्येने आणि मनोबलाने बरी झाली ते सांगितलं, आणि पुस्तक धो धो खपलं. मावशी आधी भीतीने गप्प राहिल्या. मग नवरा इतका खूश होता म्हणून गप्प राहिल्या. मग छापूनच आलं म्हणून. पुस्तक वाचून कोणी खरोखर औषध सोडतं थोडंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. लोक वाचतात, मान डोलावतात आणि पुस्तक फळीवर ठेवून देतात. आपल्या तिसऱ्या कपाटाचंच उदाहरण त्यांच्यासमोर होतं.

आता सरांची नजर गेली होती. ते सांगत आणि मावशी लिहून घेत. एकेक परिच्छेद झाला की मावशी तो परत वाचून दाखवत. सरांची ती शिस्तच होती. कानाने पारखल्याशिवाय एक ओळ पुढे जाऊ देत नसत. त्या सकाळी त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना चालली होती. मुलाने छापखान्याची वेळ ठरवून टाकली होती.

"लिही," सर म्हणाले. "आता वाचकांपासून काय लपवायचं? सातव्या प्रकरणातील स्त्री म्हणजे माझी पत्नी. गेल्या चाळीस वर्षांत तिने एकही गोळी घेतलेली नाही."

मावशींचा हात 'पत्नी'पाशी अडला.

"घेतलंस?"

"चहा टाकते," असं म्हणून मावशी उठल्या आणि चहा न टाकता जिना उतरून दुकानात आल्या. दुकानात मुलगा गल्ल्यावर होता आणि काउंटरसमोर एक बाई उभी होती. गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली, ओढणीला रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. कामावरून तशीच उठून आलेली शिवणकामवाली. हातात सरांचं पुस्तक होतं, आणि सातव्या प्रकरणाचे कोपरे हाताळून हाताळून मऊ पडले होते.

"मावशी, तुम्हालाच भेटायचं होतं," ती म्हणाली. "माझं काहीतरी चुकतंय. मुलीला फिट येतात. महिन्याभरापूर्वी तिच्या गोळ्या बंद केल्या आणि यात लिहिलंय तसं सगळं करतो आम्ही दोघी. मीसुद्धा करते, तिला एकटीला वाटू नये म्हणून. पण काल ती शाळेच्या पायऱ्यांवरून पडली. कपाळाला टाके पडले." ती भराभर बोलत होती, जणू उसवलेल्या शिवणीबद्दल माफी मागत होती. "सरांना विचारता का, श्लोक म्हणताना काही चुकत असेल का? की पाणी आणखी गार हवं?"

तक्रार करायला आली असती तर मावशींना सोपं गेलं असतं. ही बाई स्वतःच्याच चुका शोधत आली होती. मावशींना संताप आला. सरांचा आला, पुस्तकाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"वर चल," त्या म्हणाल्या.

"आई, बाबांचं लिखाण चाललंय," मुलगा म्हणाला.

"थांबलंय ते. तूही चल."

सर खुर्चीत बसून पुढचं वाक्य जुळवत होते. शिवणकामवालीने दारातूनच नमस्कार केला आणि सगळं पुन्हा सांगितलं. सरांनी मन लावून ऐकलं. त्यांचा आवाज मोठा प्रेमळ होता. त्या आवाजावर विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या भाळल्या होत्या.

"बाळ, महिना म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "शरीर बंड करतं, करू दे. आपली श्रद्धा डळमळू द्यायची नाही. अगं, पुरावा तुझ्या शेजारी उभा आहे. बघ हिच्याकडे."

"पुरावा बोलतोय," मावशी म्हणाल्या. "नीट ऐका. मी रोज गोळी घेते."

सर हसले. "ही मधूनमधून डोकेदुखीची घेते..."

"फिटची घेते. सकाळी एक, रात्री एक. हा कडेवर होता आणि मी जिन्यात पडले, त्या आठवड्यापासून. बहिणीने आणून दिल्या. ती गेली तेव्हापासून मी स्वतः औषधाच्या दुकानातून आणते. डॉक्टर बदलले, गोळीचं नाव बदललं, पण खाडा एका दिवसाचा नाही. तुमची पहाटेची अंघोळ मी केली, मौन पाळलं, श्लोक म्हटला, आणि वरून गोळी घेतली. बरी झाले ती गोळीने." मग त्या शिवणकामवालीकडे वळल्या. "तुझं काहीच चुकलेलं नाही. पाणीही नाही आणि श्लोकही नाही. आत्ताच्या आत्ता पोरीला घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळ्या कधी बंद केल्या ते खरं खरं सांग आणि ते म्हणतील तसं कर. विचारलं कोणी सांगितलं, तर म्हण, सातव्या प्रकरणातल्या बाईने सांगितलं."

शिवणकामवाली आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरचा आदर एकदम उतरला. "तुम्हाला माहीत होतं?" तिने मावशींना विचारलं. "सगळा वेळ?"

"हो."

पुस्तक तिने टेबलावर ठेवलं, ठेवलं कसलं, टाकलं, आणि जिना उतरून गेली. मावशींना ते लागलं आणि लागायलाच हवं होतं.

मग सरांचा आवाज आला आणि त्यात प्रेमळपणाचा लवलेश नव्हता.

"चाळीस वर्षं तू मला फसवलंस."

"फसवलं."

"माझ्या घरात राहून. माझ्या हाताखाली लिहीत. माझ्या प्रत्येक ओळीला माना डोलावत!"

"डोलवायला ही मान शाबूत राहिली ती त्यामुळेच."

"आई!" मुलगा मध्ये पडला. "हळू बोला. खाली गिऱ्हाइकं आहेत. हे बघ, झालं ते झालं. बाबांनी आयुष्यभर जे उभं केलं त्याच्यावर आता पाणी सोडायचं का? प्रस्तावनेत तुझा उल्लेख नको, एवढंच ना? गाळू तो. बाकीचं आहे तसं जाऊ दे. लोक काय म्हणतील याचा तरी विचार कर."

"कडेवर तू होतास," मावशी म्हणाल्या. "गाद्या तिथे सहज पडल्या होत्या. कोणी उचलून ठेवल्या असत्या तर आज लोक काय म्हणतील हे सांगायला तू नसतास."

मुलगा चाळिशीचा बाप्या, पण खाली स्टुलावर बसला तो बसलाच. ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

सरांनी हात पुढे करून टेबल चाचपलं. "एकदा सांगायचं तरी होतंस मला. मी काय राक्षस होतो? मी ऐकलं नसतं?"

"ऐकलं असतंत?"

सरांकडे प्रत्येक आक्षेपाला उत्तर असे. सभेत प्रश्न अर्धा विचारून होण्याआधी त्यांचं उत्तर सुरू होई. यावेळी त्यांना वेळ लागला.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "त्याही फेकून दिल्या असत्या मी."

"मग?"

सरांनी टेबलावरचा हात मागे घेतला. मावशींना त्यांची दया आली. खोटं कशाला बोला, फार आली. या माणसाने आपल्यासाठी रात्री जागवल्या होत्या आणि आज आपण त्याचा आयुष्यभराचा आधार काढून घेतोय, हे त्यांना दिसत होतं. हेही दिसत होतं की सगळं गोड करायला अजून वाट आहे. सरांना दिसत नाही. आपण कागदावर काहीही लिहावं, वाचून दाखवताना त्यांना हवं ते वाचावं, ताकास तूर लागणार नाही. चाळीस वर्षं जमलं ते आणखी चार जमेल. पण टेबलावर ते पुस्तक पडलं होतं, मऊ पडलेल्या कोपऱ्यांचं. आता चोरून काही करायचं नाही, एवढं त्यांचं पक्कं झालं.

त्यांनी नव्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या केलेली प्रत ओढली, सातवं प्रकरण उघडलं आणि तांबडी पेन्सिल घेऊन पहिल्या पानावर आडवी रेघ मारली.

"काय करतेस?" सरांचे कान तिखट होते.

"सातवं प्रकरण काढते. पहिलं पान काढलं. हे दुसरं."

"माझं पुस्तक आहे ते!"

"गोष्ट माझी आहे. एका जुन्या नाटकात एक पात्र कुठून रंगमंचावर येतं यावरून तुम्ही सगळ्या विद्वानांशी भांडलात. आपलं चुकलं हे कळलं तेव्हा 'माझी चूक झाली' म्हणून एक संपूर्ण पान छापलंत. केवढा अभिमान होता तुम्हाला त्या पानाचा! आलेल्या-गेलेल्याला दाखवायचात. नाटकातल्या पात्रासाठी चूक कबूल करता, आणि पायऱ्यांवरून पडलेल्या पोरीसाठी नाही? हे तिसरं."

"सूचना छापू," मुलगा घाईने म्हणाला. "प्रकरणाच्या सुरुवातीला. 'वैद्यकीय सल्ल्याशिवाय' वगैरे..."

"सूचना कोण वाचतं? तिने वाचली असती? ती श्लोक पाठ करत होती. चौथं. आणि प्रस्तावना मी लिहिणार. यांनी सांगितलेली नाही, माझी. मी गोळ्या घेतल्या, रोज घेतल्या आणि अजून घेते, असं लिहिणार आणि खाली माझं नाव घालणार. छापायचं नसेल तर नका छापू. मी दुकानात बसून येणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने सांगेन. मला कोण अडवतं ते बघतेच."

मुलाने बापाकडे पाहिलं. आईला अडवायला तो पुढे झाला नाही. पेन्सिल चालूच होती, आणि खोलीत तेवढाच आवाज होता. सर मान किंचित कलती करून एकेक रेघ ऐकत होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"ते प्रकरण गेलं," ते अगदी हळू म्हणाले, "तर माझ्या पुस्तकात उरतं काय?"

मावशींनी पान उलटलं.

"पुस्तकाचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी उरले. तुम्हाला तेच हवं होतं ना?"