डोळे मिटल्यावर

"आई, वंदना झाल्यावर डोळे मिटून तू इतका वेळ मनात काय म्हणतेस?"

तव्यावरची पोळी उलटता उलटता रसिकाचा हात थांबला. खरं तर प्रश्न संघप्रियाचा नव्हताच. हे घरी विचारायची तुझी छातीच होणार नाही, अशी मिनल आणि शुभदाने वर्गात पैज लावली होती. आणि संघप्रियाला कुणी 'तुला जमणार नाही' म्हटलं, की तिच्या अंगात वारं शिरायचं.

"ध्यान करते ती," उत्तर बाहेरच्या खोलीतून आलं. बुद्धभूषण मान खाली घालून लिहीत होते. रविवारी नवघरच्या विहारात त्यांची लेक पहिल्यांदाच सगळ्यांची वंदना घेणार होती आणि मग लहान मुलांना तिचा अर्थ सांगणार होती. तेच भाषण चाललं होतं. "विहारात मी सगळ्यांना सांगतो, एकाग्रता शिकावी तर आमच्या रसिकाकडून. देवदेव करणाऱ्या घरातून आली, पण बघा..."

"मी मागते," रसिका म्हणाली.

पेन थांबलं.

"काय मागतेस?"

"असतं काय काय. आईचे गुडघे. तुझी बदली होऊ नये. हिचं गणित."

"माझं गणित?" संघप्रिया ओट्यावर चढून बसली. "मग तू नीट मागत नाहीयेस गं."

बुद्धभूषण हसले नाहीत. "बुद्धाकडे मागतेस? रसिका, तो देव नाही. अठरा वर्षं झाली आपल्या लग्नाला."

"तो कोण आहे ते मला माहितेय, भूषण. समोर तोच होता, त्यालाच सांगत गेले."

हात पुसून ती बाहेर आली आणि तिने कागद उचलला. पहिलंच वाक्य होतं : 'आपण बुद्धाकडे काहीही मागत नाही; जो मागतो तो अजून अंधारातच आहे.' तिने ते वाचलं आणि कागद होता तिथे ठेवला.

"मग रविवारी मी येत नाही. लेकीच्या तोंडून हे ऐकायचं आणि वर मान डोलवायची, नाही जमणार मला."

संघप्रिया ओट्यावरून खाली उतरली. पैजेची सगळी मजा तिथेच विरली. गेले दोन महिने आईनेच तर तिच्याकडून पालीचा एकेक उच्चार घोटून घेतला होता. आई समोर नसेल तर अडखळल्यावर ती बघणार कुणाकडे?

"इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस," बुद्धभूषण म्हणाले. आवाजात राग कमी आणि खट्टूपणाच जास्त होता.

"मला वाटायचं तूही मागतोस, फक्त सांगत नाहीस." रसिका त्यांच्या शेजारी टेकली. "ही डेंग्यूने पडली होती तेव्हा दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर डोळे मिटून बसला होतास. म्हटलं, चला, आपण दोघं एकच मागतोय."

बुद्धभूषणनी चष्मा काढून हातात घेतला.

"श्वास मोजत होतो," ते म्हणाले. "दहापर्यंतसुद्धा पोचत नव्हतो. सारखा चुकत होतो."

रसिकाने त्यांच्या हातातला चष्मा काढून घेतला आणि पदराने पुसू लागली. पुसून झाला तरी पुसतच राहिली.

संघप्रियाने दोघांच्या मधला कागद उचलला, घडी घातली आणि पप्पांच्या खिशात सरकवला.

"वंदना मी घेणार. हे वाचणार नाही."

"आणि मुलांना अर्थ काय सांगशील?"

"सांगेन, आमच्या घरात एक जण मागतं, एक जण मोजतं आणि माझं अजून ठरायचंय." तिने दम घेतला. "आई पहिल्या रांगेत बसेल. आणि पप्पा, तुम्ही तिच्या शेजारी."